टिबुकली आणि तिचे दक्षिण अमेरिकी आप्त
बेंगळुरूच्या हेब्बाळ किंवा जक्कूर तलावावर, शेपूट जवळजवळ नसलेला जो गुटगुटीत पक्षी बघता बघता बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो, तो बदकाचे पिल्लू नसून टिबुकली होय. आखूड, टोकदार चोच, विणीच्या काळात तांबूस होणारी मान आणि चोचीच्या मुळाशी उठून दिसणारा पिवळसर ठिपका या तिच्या खुणा. तिच्या पायाची बोटे बदकाप्रमाणे पडद्याने जोडलेली नसतात, तर प्रत्येक बोटाला स्वतंत्र पाळी, म्हणजे त्वचेची रुंद झालर असते, आणि पाय शरीराच्या अगदी मागे असल्याने पाण्यात चपळ असणारी टिबुकली जमिनीवर मात्र अडखळते. घरटे पाणवनस्पतींचे व तरंगते असून ते सोडताना ती अंडी ओल्या पाल्याने झाकते. ही तिची सावधगिरी मुद्दाम पाहावी अशी आहे.

तिच्याच प्रजातीतील, पण पिवळ्याधमक डोळ्यांची आणखी लहान टिबुकली दक्षिण अमेरिकेत आढळते. पेरू व बोलिव्हियामधील टिटिकाका सरोवराच्या परिसरातली टिबुकली उडूच शकत नाही, तर कोलंबियातील एक जाती, पाणथळींचा निचरा, प्रदूषण आणि बाहेरून आणून सोडलेले ट्राउट मासे यांमुळे, १९७७ नंतर कोणालाही दिसलेली नाही.