गळ बदलण्याआधी पाणी पाहा

‘आज मासा तोंडच लावत नाही,’ ही तक्रार पुण्याजवळच्या कुठल्याही धरणाच्या काठी ऐकू येते. मग डब्यात शोधाशोध सुरू होते: हा स्पून (चमच्यासारखे धातूचे चकाकते आमिष) काढ, तो रबरी बेडूक लाव. बहुतेक हौशी मंडळी ही अदलाबदल नशिबावर सोडतात. खरे तर त्या घडीला माशाचे कोणते इंद्रिय कामाला लागले आहे, ते ओळखून आमिष बदलायचे असते.

पावसाळ्यात पाणी चहासारखे गढूळ होते, तेव्हा चकाकणारा स्पून वितभर अंतरावरूनही दिसत नाही. पण मासा तेवढ्याने आंधळा होत नाही. बाजारातून आणलेला अख्खा रोहू हातात घेऊन पाहा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत खवल्यांवर बारीक ठिपक्यांची एक ओळ दिसेल. ही पार्श्वरेषा. प्रत्येक ठिपका म्हणजे छिद्र असते. आत पाण्याने भरलेली नळी आणि तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. जवळून काही हलले की पाणी ढकलले जाते, तंतू वाकतात आणि माशाला चाहूल लागते. मात्र ही चाहूल त्याच्या अंगाच्या एक-दोन लांबीइतक्याच अंतरावरून लागते. म्हणून गढूळ पाण्यात फिरत्या पात्याचा, पाणी ढवळणारा ल्यूर, म्हणजे कृत्रिम आमिष, लावायचा आणि तो काठालगत, सावकाश ओढायचा. नाही तर सरळ गांडूळ किंवा पिठाची गोळी लावावी, कारण वास आणि चव गढूळपणाने अडत नाहीत. महसीरच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, त्यांवर चवीच्या कळ्या असतात.

संध्याकाळचा हिशेब वेगळा. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते आणि पृष्ठभागावरचे भक्ष्य खालून पाहते. तिला दिसते ती उजळ आभाळावरची सावली. त्यामुळे तिन्हीसांजेला चंदेरीपेक्षा काळा बेडूक उठून दिसतो. हे काठावर प्रथम ऐकले तेव्हा मला उलटेच वाटले होते. पाण्याखालून वर पाहण्याची कल्पना केली आणि ते पटले. डिसेंबरच्या गार पहाटे माशाचे शरीरही थंड असते, तो लांब पाठलाग करत नाही. तेव्हा रील हळू फिरवावी.

ल्यूर बदलण्याचे सर्वांत भक्कम कारण मात्र माशाची आठवण हे आहे. नेदरलँड्समध्ये ब्यूकेमा या शास्त्रज्ञाने तळ्यांत केलेले प्रयोग 1970 मध्ये प्रसिद्ध झाले. एकदा गळाला लागून सुटलेला कार्प पुढे गळाला सहज लागेना. पाईक या शिकारी माशाचे आणखी गमतीचे: फिरता स्पून त्याने एकदा अनुभवला की तो टाळू लागला, पण जिवंत माशाचे आमिष मात्र पुन्हा घेत राहिला.  

आणि आपला महसीर तर कार्पच्याच कुळातला. या जातीशी पुण्याचे नाते जुने आहे. कर्नल विल्यम साइक्स यांनी 1839 मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली, ती पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. इथल्या लोकांच्या तोंडचे नावच त्यांनी तिला दिले: ‘खुद्री’. आज शहराखालच्या त्या पाण्यात सांडपाणी वाहते. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरची पैदास होते. तिथली पिले देशभर गेली. पण धरणात पिले सोडल्याने नदी परत येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कावेरीत तर बाहेरून सोडलेल्या याच जातीमुळे तिथला मूळचा कुबडवाला महसीर अडचणीत आला.

तेव्हा या मोसमात काठावर जाणार असाल, तर आधी परवानगीची चौकशी करा आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. महसीर लागला तर ओल्या हाताने धरून पाण्यातच सोडा. आणि पिलांचा लालसर थवा राखणारी मरळ दिसली, तर त्या जागी ल्यूर टाकूच नका. ती भुकेने नव्हे, पिलांसाठी धावून येते, आणि ती गेली की थवा मागे उघडा पडतो.