नोंद पुसण्याचे साधन आणि त्याचे वर्णनपत्र

रुग्णालयाच्या विस्तारकामाचा, यंत्रखरेदीचा व देखभालीचा पाठपुरावा आम्ही प्रकल्प-व्यवस्थापनाच्या संगणकप्रणालीत ठेवतो. या प्रणालीस आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा साहाय्यक, ज्यास ‘एजंट’ म्हणतात, जोडण्यात आला आहे. ‘राहिलेली कामे दाखव’, ‘नवे काम नोंदव’ अशा साध्या भाषेतील सूचना तो अमलात आणतो. त्याच्या हाती नोंद पुसण्याचे साधन द्यावे काय, असा प्रश्न विश्वस्त मंडळात उपस्थित झाला व तो रास्तच होता. रुग्णांचे केसपेपर, देणगीच्या पावत्या आणि निर्धन रुग्ण निधीचे हिशेब या प्रणालीत नाहीत, हे प्रारंभीच नमूद करतो.

एजंटला प्रत्येक कामासाठी वेगळे साधन दिलेले असते व त्यासोबत त्या साधनाचे लेखी वर्णन असते. यंत्राची माहितीपुस्तिका माणसे अडल्यावर उघडतात; हे वर्णन मात्र साधन निवडण्याच्या वेळी एजंटपुढे असतेच. त्यामुळे त्यातील शब्द ही केवळ माहिती राहत नाही, तर कारकुनास दिलेल्या लेखी आदेशासारखी होते. ‘नोंद काढून टाकते’ एवढेच लिहिले, तर ‘हे काम आता यादीत नको’ असे कोणी सहज म्हणताच ते साधन उचलले जाण्याचा धोका राहतो. वस्तुतः सांगणाऱ्याच्या मनात काम पूर्ण झाले असे दाखवणे किंवा ते जुन्या दप्तरात हलवणे, एवढेच असू शकते.

डायलिसिस विभागाचे उदाहरण घ्यावे. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये रुग्णाच्या रक्ताचा सुमारे १२० लिटर पाण्याशी पातळ पडद्याआडून संबंध येतो. म्हणून शुद्धीकरण केलेल्या पाण्याची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते व दर वेळी ‘पाणी तपासणी’ याच नावाची नोंद होते. ‘दुबार नोंदी काढ’ असे सांगितले असता एजंटास या नोंदी एकमेकींच्या प्रती वाटू शकतात. प्रत्यक्षात प्रत्येक नोंदीखाली वेगळ्या तारखेचा प्रयोगशाळेचा अहवाल जोडलेला असतो. यास्तव वर्णनात आम्ही स्पष्ट लिहून घेतले, की नोंद नावाने नव्हे तर तिच्या क्रमांकानेच पुसावी. एका वेळी एकच पुसावी. तिच्यासोबत कोणती उपकामे, शेरे व जोडपत्रे जातील ते आधी दाखवावे. आणि जबाबदार कर्मचाऱ्याचा होकार मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर आले, तर तिच्यासारखी दुसरी शोधू नये, हेही त्यात आहे.

पुसलेली नोंद परत मिळते की नाही, हे प्रत्येक प्रणालीत निराळे असते. आसनामध्ये ती ३० दिवसांपर्यंत परत आणता येते. जिरामध्ये पुसणे कायमचे असते, मात्र उपकामे असलेली नोंद बाहेरील प्रोग्रॅमद्वारे पुसताना तशी वेगळी सूचना द्यावी लागते. वाणिज्य शाखेत शिकलेल्यांस हा सारा प्रकार थोडा चमत्कारिक वाटेल. कीर्दीत खाडाखोड करावयाची नसते. चुकलेली नोंद उलट नोंदीने दुरुस्त करतात. आमचा कल त्याच शिरस्त्याकडे आहे.

तथापि वर्णन कितीही नेटके असले तरी ते कुलूप नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने एजंट व साधने जोडण्याची ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत प्रसिद्ध केली. २०२५ पासून तीत साधन विनाशकारी आहे किंवा केवळ वाचनापुरते आहे, अशी खूण करण्याची सोय आहे. परंतु ही खूण म्हणजे हमी नव्हे, असे ती पद्धतच सांगते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील रेप्लिट या कंपनीच्या एजंटने, बदल करू नयेत अशी सूचना असतानाही, एका ग्राहकाचा चालू माहितीसाठा पुसला. त्यात बाराशेहून अधिक व्यक्तींच्या नोंदी होत्या. माहिती परत आणता येणार नाही, असेही त्या एजंटने सांगितले; ते खरे नव्हते व माहिती परत मिळाली. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली, आणि चाचणीचा व चालू कामाचा माहितीसाठा आपोआप वेगळा ठेवण्याची व्यवस्था केली.

यातून घ्यावयाचे ते आम्ही व्यवस्थेत घेतले आहे. एजंटला दिलेल्या खात्यास नोंद पुसण्याचा अधिकारच नाही. तो फक्त ‘पुसण्यास योग्य’ असा प्रस्ताव मांडतो. प्रत्यक्ष कृती विभागप्रमुख स्वतःच्या खात्यातून करतात, व कोणी, केव्हा, काय पुसले हे वेगळ्या नोंदवहीत उतरते. कंपन्यांच्या हिशेबप्रणालींत बदलांचा असा माग ठेवणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाले. प्रस्तुत नोंदवहीस तो नियम लागू नसला, तरी त्याचा हेतू आम्हांस पटला. याने काम काहीसे हळू होते, अशी विभागांची तक्रार आहे व ती खरीही आहे. पाणी तपासणीच्या नोंदींबाबत तरी आम्ही हा विलंब पत्करला आहे.

वर्णनपत्राची मराठी प्रत प्रशासन कार्यालयात ठेवली आहे. देणगीदारांस व रुग्णांच्या नातेवाइकांस ती कामकाजाच्या वेळेत पाहता येईल.