आइस हॉकीतील पंचनिर्णय : नियमाचा शब्द आणि पंचाचा विवेक

प्रस्तावना : नियम मुखोद्गत असणे ही पंचाची प्राथमिक पात्रता होय. परंतु नियमाचा शब्द आणि प्रत्यक्ष घटना यांत अंतर पडते, तेथे त्याच्या विवेकाची खरी कसोटी लागते.

शिटीचा क्षण : गोलरक्षकाखाली पक दिसेनाशी होते, पंच शिटी ओठांशी नेतो आणि तेवढ्यात पक गोलरेषा ओलांडते. नॅशनल हॉकी लीगच्या नियमानुसार, पंचाने खेळ थांबविण्याचे ठरविले त्याच क्षणी खेळ थांबतो; म्हणून असा गोल सामान्यतः अमान्य ठरतो. निर्णय आणि शिटी यांतील मानवी विलंब येथे नियमानेच गृहीत धरला आहे.

अपवादाचा प्रश्न : १९९९ च्या स्टॅन्ली चषक अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात डॅलसच्या ब्रेट हल यांनी बफेलोविरुद्ध तिसऱ्या जादा कालखंडात विजयी गोल केला. त्यांचा पाय पकच्या आधी गोलक्षेत्रात होता. त्या हंगामात अशाच कारणाने अनेक गोल रद्द झाले होते. मात्र पकवर हल यांचा ताबा होता, या आधारे हा गोल कायम राहिला. प्रेक्षकांना हा अपवाद अपरिचित असल्याने वाद पेटला. पुढील हंगामापूर्वी तो कठोर नियमच रद्द झाला.

निष्कर्ष : विवेकाधिकार पूर्वघोषित असेल, तर प्रतिकूल निर्णयही स्वीकारला जातो, अपवाद निर्णयानंतर कळला, तर योग्य निर्णयही संशयास्पद ठरतो.