नाकातली काडी आणि लेकराचा श्वास

थंडी पडली, कृषी विद्यापीठातलं किमान तापमान पेपरात छापून यायला लागलं, की आमच्या परभणीत घराघरांतून खोकल्याचे आवाज सुरू होतात. त्यात फेब्रुवारीत उरूस, म्हणजे गर्दीत भर. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. त्यामुळे निम्मी बाकं शिंकताना रोज बघते, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या आयांचं बोलणंही कानावर पडतं. एकीचं म्हणणं, "बाई, दवाखान्यात नाकात काडी घातली, लेकरू रडून रडून बेजार झालं, अन् गोळ्या मात्र तापाच्याच दिल्या!" दुसरीचं नेमकं उलट, "माझ्या पोराला इतका खोकला, मग त्याला काडी का नाही घातली?"

मैत्रिणींनो, दोघींचीही काळजी खरी आहे. पण त्या काडीचं काम काय, हे दोघींनाही कोणी नीट सांगितलेलं नाही.

सर्दी, खोकला, ताप, अंग मोडून येणं ही लक्षणं सगळ्यांची सारखीच. त्यांच्या मागे असणारे विषाणू मात्र निरनिराळ्या घराण्यांतले. साध्या पडशाचा ऱ्हायनोव्हायरस, फ्ल्यूचा इन्फ्लुएंझा, तान्ह्या बाळांच्या छातीत उतरणारा आरएसव्ही, शिवाय अ‍ॅडिनो, कोरोना आणि आणखी कितीतरी. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही या नावानं सगळ्यांची झोप उडवली होती, आठवतं ना? तो विषाणू हॉलंडमधल्या संशोधकांनी २००१ सालीच ओळखला होता, आणि त्याच्याही आधी कित्येक वर्षं तो माणसांत वावरत होता. म्हणजे नाव नवं, दुखणं जुनंच!

नुसत्या तपासणीवरून कितीही हुशार डॉक्टरला यातला नेमका कोणता हे छातीठोक सांगता येत नाही. १९१८ च्या साथीनं आपल्या देशात घरंच्या घरं ओस पाडली, तेव्हा तिचं कारण विषाणू आहे हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. एका जिवाणूवर आळ घेतला गेला होता. माणसातला फ्ल्यूचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली, लंडनमध्ये. रोग्याच्या घशातलं पाणी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात घातलं, तेव्हा तो आजारी पडला. पुढं एक आजारी फेरेट संशोधकाच्या तोंडावरच शिंकला आणि त्यालाही फ्ल्यू झाला! पुढची कितीतरी वर्षं विषाणू कोंबडीच्या अंड्यांत किंवा काचेतल्या पेशींत वाढवूनच ओळखायचे. उत्तर यायला कित्येक दिवस लागत. तोवर रोगी एकतर बरा व्हायचा, नाहीतर...

आपल्याकडे या कामाचं माहेरघर म्हणजे पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था. १९५२ साली ती विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. २००९ साली स्वाईन फ्ल्यू आला, आणि ३ ऑगस्टला पुण्यातली चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली. देशातला तो पहिला मृत्यू. सुरुवातीला राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यातला नमुना तपासायचा तर पुणंच गाठावं लागे. आपल्याकडून म्हणजे रात्रभराची वाट, आणि घरचे इकडे जीव मुठीत धरून बसलेले. ३० जानेवारी २०२० रोजी देशातला करोनाचा पहिला रुग्ण केरळात जाहीर झाला, तोही याच संस्थेच्या तपासणीवरून.

त्या वेळची एक गोष्ट मला आपल्या वाचक भगिनींना मुद्दाम सांगाविशी वाटते. करोना ओळखण्याचं साहित्य परदेशातून यायचं, ते महाग आणि अपुरं. पुण्याच्या मायलॅब कंपनीत मीनल डाखवे-भोसले या विषाणूतज्ज्ञ बाईंच्या गटानं देशी चाचणी सहा आठवड्यांत तयार केली. बाईंचे दिवस भरत आले होते. १८ मार्च २०२० ला त्यांनी ती चाचणी तपासणीसाठी विषाणू संस्थेकडे पाठवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. त्याच महिन्यात चाचणीला मान्यताही मिळाली.

आता ती काडी. आपला जिल्हा कापसाचा, पण या काडीला कापूस चालत नाही बरं का! कापूस आणि लाकडाची काडी पुढच्या तपासणीत अडथळा आणतात, म्हणून टोकाला नायलॉनसारखा कृत्रिम धागा आणि दांडी प्लॅस्टिकची. ती नाकात खोलवर फिरवायची, कारण विषाणू तिथल्या पेशींत असतो, बाहेर वाहणाऱ्या शेंबडात तितका नाही. लेकरू रडतं ते त्यामुळंच. मग काडी बहुधा गुलाबीसर पाण्याच्या बाटलीत बुडवून, तीन वेष्टनांत गुंडाळून बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेला. वाटेत थंडावा मोडला तर सगळी मेहनत फुकट.

प्रयोगशाळेत जी युक्ती करतात तिला पीसीआर म्हणतात. विषाणूचा मूळ मसुदा इतका सूक्ष्म असतो की तो दिसणं शक्य नाही. म्हणून त्याच्या प्रती काढतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. चौथीच्या मुलांकडून मी एकदा हा हिशेब फळ्यावर करवून घेतला. तिसाव्या खेपेला एका प्रतीच्या एकशे सात कोटींवर प्रती होतात! एवढ्या झाल्या की यंत्राला त्यांची चमक दिसते. घरी गरोदरपणाची चाचणी करतो तशा पट्टीचीही एक तपासणी असते. ती पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते, पण विषाणू थोडा असेल तर तिला तो सापडत नाही.

इतकी तीक्ष्ण युक्ती आहे, तर सरसकट सगळ्यांना का करत नाहीत? एक तर खर्च. दुसरं म्हणजे ती अति तीक्ष्ण आहे. बऱ्या झालेल्या मुलाच्या नाकात उरलेले विषाणूचे तुकडेसुद्धा ती हुडकते. आणि मुख्य म्हणजे, नाव कळलं तरी बहुतेक वेळा औषध बदलत नाही. ऱ्हायनोला औषध नाही, आरएसव्ही झालेल्या बाळाला लागतो तो प्राणवायू, अंगावरचं दूध आणि जागरण. फ्ल्यूवर ऑसेल्टामिव्हिर आहे, पण ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त गुण देतं. म्हणून गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा दम्याचा रोगी असेल तर डॉक्टर अहवालाची वाटही बघत नाहीत. स्वाईन फ्ल्यूच्या सरकारी नियमांतही सौम्य आजाराला तपासणी नको, धाप लागलेल्या रोग्याला हवी, असंच सांगितलं होतं.

आणि अँटिबायोटिक? ते जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. तरी मेडिकलच्या दुकानात "भाऊ, जरा भारी गोळी द्या" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. मागच्या वेळची उरलेली अर्धी पट्टी डब्यात जपून ठेवणाऱ्याही आपणच. ही सवय मला त्या विषाणूपेक्षा जास्त घातक वाटते, कारण उद्या खरा न्यूमोनिया झाला तर तीच गोळी लागू पडत नाही.

मग आईनं बघायचं काय? विषाणूचं नाव नव्हे, लेकराचा श्वास. हे आपल्याच राज्यात, गडचिरोलीत सिद्ध झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या माणसांना आणि सुइणींना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. १९९० साली त्यांचा अहवाल लॅन्सेटमध्ये छापून आला, तेव्हा त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी डॉ. बंगांनी मण्यांची पाटी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि मिनिट संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया.

आपल्याला घड्याळ पुरे. मूल शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त भरले, की त्याच पावली दवाखाना. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, अंगावर पीत नसेल, ओठ निळे दिसत असतील किंवा मूल सुस्त पडलं असेल तर मोजत बसू नका, निघा. सासूबाई मध चाटवा म्हणाल्या तर बाळ वर्षाचं होईपर्यंत हसून टाळा. चुलीचा धूरही त्या खोलीत नको.

तिथं डॉक्टरांनी काडी घातलीच, तर ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ती तारीख कागदावर लिहवून घ्या. पहिल्या तीन-चार दिवसांत नाकात विषाणू भरपूर असतो, नंतर तो ओसरतो, आणि तारीख नसेल तर "सापडला नाही" या उत्तराचा अर्थ डॉक्टरांनाही लावता येत नाही. अहवाल उशिरा आला म्हणून रागावूही नका. असे नमुने गोळा होतात तेव्हाच यंदा कोणता फ्ल्यू फिरतोय ते कळतं, आणि त्यावरूनच पुढच्या मोसमाची लस ठरते. गरोदर बाईंना ती घ्यायला सांगतात. थोरली जाऊ किंवा नणंद दिवसांत असेल, तर दवाखान्यात गेल्यागेल्या तिच्यासाठी विचारून घ्या.