विडी वळण्यावर नाही, चारचौघांत ओढण्यावर बंदी

सार्वजनिक ठिकाणी ओढू नका म्हटलं की सोलापुरात उत्तर ठरलेलं असतं : "विडी बंद झाली तर हजारो बायकांच्या चुली विझतील." काळजी खरी आहे, पण या बंदीशी तिचा संबंध नाही. तंबाखू नियंत्रणाचा २००३ चा 'कोटपा' कायदा विडी वळायला मनाई करत नाही. विक्रीवरही सरसकट बंदी नाही. १८ वर्षांखालच्यांना आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत मात्र विकायचं नाही. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीसारख्या वस्त्यांत बायका मांडीवर सूप घेऊन बसतात, कातरलेल्या तेंदूच्या पानात तंबाखू भरतात, दोऱ्याने विडी बांधतात आणि तंबाखूची धूळ श्वासात घेतात. त्यांची मजुरी, त्यांचा दवाखाना, दुसरा रोजगार यांसाठी भांडायलाच हवं. पण स्टँडवर विडी पेटवणाऱ्याने त्यांना ढाल करू नये.

"विडी पानाची, म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य" हा समज तर घातकच. तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं सच्छिद्र नसतं. विडी सारखी विझते, म्हणून झुरके जास्त आणि जोराने घ्यावे लागतात. त्यामुळे तंबाखू कमी असूनही निकोटीन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी जात नाही, बऱ्याचदा जास्तच जातं.

"स्टँड उघड्यावर आहे, तिथे कसला कायदा?" मूळ कायद्यात मोकळी जागा वगळली होती, हे खरं. पण २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी बसथांबे, रेल्वे स्टेशन, स्टेडियम, खुली सभागृहं बंदीत आणली. दंड २०० रुपयांपर्यंत.

ही बंदी परदेशाचं अनुकरण म्हणून आली, असंही म्हणतात. प्रत्यक्षात मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी दवाखाने, शाळा, कचेऱ्या, बस-रेल्वेत धूम्रपान थांबवायला सांगितलं. कायदा त्यानंतरचा.

"सगळेच ओढतात, कुणाकुणाला अडवणार?" २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले फक्त ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले. म्हणजे शंभरातल्या चौघांचा धूर उरलेल्यांनी सोसायचा. त्या धुरात ७००० हून अधिक रसायनं असतात, त्यांतली सुमारे ७० कर्करोगकारक. खिडकी उघडून किंवा पंखा लावून तो निरुपद्रवी होत नाही. कडेवरच्या तान्ह्या बाळाला तर तिथून उठून जाताही येत नाही.

हॉटेलवाले म्हणतात, "गिऱ्हाईक ऐकत नाही, आम्ही काय करणार?" नियम त्यांच्यावरच जबाबदारी टाकतो : बंदीचा फलक लावायचा, ॲशट्रे-काडेपेटी द्यायची नाही, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव लिहायचं. पुढच्या वेळी धूर दिसला तर ते नाव विचारा आणि तक्रार करा. तक्रारीनंतरही मालक गप्प बसला, तर ओढणारे जितके, तितक्या गुन्ह्यांचा दंड त्यालाही भरावा लागतो.