दोन स्क्रीन लावल्या की गेम सुधारतो का? पालकांच्या प्रश्नाला साधं उत्तर

दहावीची पालकसभा मार्कांवरून सुरू होते आणि मोबाईलवर येऊन थांबते. पालघर असो, बोईसर असो की तारापूर-चिंचणी, सगळीकडे हेच. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न ऐकू येतो. मुलगा म्हणतो, "जुना फोन विकू नका, मला द्या. एकावर गेम आणि दुसऱ्यावर यूट्यूब लावलं की खेळ चांगला होतो." कुणाला ईदीच्या पैशातून जुना टॅब हवा असतो. कुणी एकाच फोनची स्क्रीन दोन भागांत करून वर व्हिडिओ, खाली गेम असं चालवतो आणि अम्मीला सांगतो की सगळे मोठे प्लेअर असंच करतात.

हे हसण्यावारी नेऊन चालणार नाही. एमआयडीसीत पाळीवर काम करणाऱ्या बापाच्या खिशातून पैसा जाणार आहे आणि दहावीच्या वर्षातले तास जाणार आहेत. नुसतं "गेम वाईट, बंद कर" म्हटलं की मुलं ऐकत नाहीत, कारण त्यांना वाटतं की आपल्याला यातलं काही कळत नाही. म्हणून आधी समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर असं: दुसरी स्क्रीन त्याच खेळाची माहिती देत असेल आणि खेळ आपल्यासाठी थांबत असेल, तर तिचा उपयोग होतो. खेळ थांबत नसेल, किंवा दुसऱ्या स्क्रीनवर वेगळंच काही चालू असेल, तर खेळ सुधारत नाही, बिघडतो.

तीन वेगळ्या गोष्टी

मुलं "दोन स्क्रीन" म्हणतात तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. पहिली, दोन वेगळी उपकरणं: एक फोन खेळायला, दुसरा बघायला. दुसरी, एकाच फोनवर स्क्रीन वाटून दोन अ‍ॅप. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून सरसकट आली. तिसरी, एकाच टीव्हीवर दोघं भाऊ खेळतात आणि पडदा दोघांत वाटला जातो, ती. ही तिसरी गोष्ट खूप जुनी आहे आणि वाईटही नाही. तिथे प्रत्येकजण आपलाच भाग बघतो, एकच खेळ खेळतो. २०२१ मध्ये 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरलेला 'इट टेक्स टू' तर असा दोघांनी मिळूनच खेळावा लागतो. वाद आहे तो पहिल्या दोन गोष्टींचा.

डोकं एका वेळी किती कामं करतं?

वर्गात आम्ही एक सोपा प्रयोग करून दाखवतो. घरीही करून बघा. घड्याळ लावा आणि मुलाला अलिफपासून पहिली वीस अक्षरं म्हणायला सांगा. मग एक ते वीस आकडे. दोन्ही झरझर होतात. आता दोन्ही एकत्र म्हणायला लावा: अलिफ-एक, बे-दोन, पे-तीन. काम तेवढंच आहे, पण वेळ कितीतरी जास्त लागतो, जीभ अडखळते, मध्येच अक्षर सुटतं.

असं का होतं? विचार लागणारी दोन कामं आपलं डोकं एकाच वेळी करत नाही. ते एकावरून दुसऱ्यावर उडी मारतं, परत येतं, पुन्हा जातं. प्रत्येक उडीत थोडा वेळ जातो आणि मागचं थोडं विसरलं जातं. चालता चालता बोलता येतं, कारण चालणं सवयीचं झालेलं असतं. पण दोन्ही कामांना बघणं, ठरवणं आणि हात चालवणं लागत असेल, तर एकाला थांबावंच लागतं.

आता हे बीजीएमआयला लावून बघा. एका सामन्यात १०० खेळाडू उतरतात. समोर काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. नजर दुसऱ्या फोनवर गेली, तिथलं काय ते कळलं, परत आली, पुन्हा नेम कुठे होता ते सापडलं, यात सेकंद तरी सहज जातो. एवढ्या वेळात समोरच्याचं काम झालेलं असतं. शिवाय या खेळात कान फार कामाचे असतात. पावलांचा आवाज डावीकडून आला की उजवीकडून, यावर चांगला खेळाडू जगतो. दुसऱ्या स्क्रीनवर गाणं किंवा कॉमेंट्री चालू असेल तर तो कानही गेला.

अभ्यासकांनी काय पाहिलं?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. एकाच वेळी अनेक स्क्रीन-माध्यमं वापरणारे तरुण आणि तसं क्वचित करणारे, असे दोन गट घेतले. सवयीमुळे पहिला गट कामं बदलण्यात पटाईत असेल असं कुणालाही वाटेल. निघालं उलटं. तेच बिनकामाच्या गोष्टींनी जास्त विचलित होत होते आणि एका कामावरून दुसऱ्यावर जायला त्यांनाच जास्त वेळ लागत होता. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत फरक एवढा ठळक आला नाही हेही खरं. पण "सवयीने जमतं" या दाव्याला आधार मिळालेला नाही.

"पण मला जमतं!" असं प्रत्येक मुलगा म्हणतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात २०० जणांना गाडी चालवण्याचं यंत्र आणि आठवणीचं काम एकत्र दिलं होतं. ज्यांची कामगिरी अजिबात घसरली नाही असे निघाले अडीच टक्के, म्हणजे २०० पैकी ५. आपला मुलगा त्या पाचांत असेलही. पण त्यावर नवा टॅब घेणं शहाणपणाचं नाही.

मुलांच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. २००३ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात वेगवान गेम खेळणाऱ्यांची डोळ्यांची सावधानता न खेळणाऱ्यांपेक्षा चांगली दिसली होती. म्हणजे "गेमने लक्ष तीक्ष्ण होतं" यात तथ्य आहे. पण तो फायदा एका खेळात पूर्ण बुडून मिळालेला होता. शेजारी दुसरा फोन ठेवून मिळालेला नव्हता.

"अब्बांच्या कंपनीत तर कितीतरी स्क्रीन असतात"

बोईसरच्या मुलाकडून हा मुद्दा हमखास येतो, आणि मुद्दा चांगला आहे. तारापूर एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये पॅनल ऑपरेटरसमोर ओळीने स्क्रीन असतात. मग त्याचं काम बिघडत नाही का?

नाही, कारण त्या सगळ्या स्क्रीन एकाच प्लांटच्या असतात. एकीवर तापमान, दुसरीवर प्रेशर, तिसरीवर टाकीची पातळी. काही बिघडलं तर अलार्म वाजतो आणि कुठे बघायचं ते सांगतो. ऑपरेटर एका स्क्रीनवर प्लांट आणि दुसरीवर क्रिकेट बघत नाही.

तिथेही मर्यादा असतेच. आपल्या तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं. त्यानंतर दहा वर्षांनी, मार्च १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माईल आयलंड अणुकेंद्रात अपघात झाला. सुरुवातीच्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त अलार्म वाजत होते आणि प्रशिक्षण घेतलेल्या ऑपरेटरांना नेमकं काय बिघडलंय ते कळेना. त्यानंतर जगभर कंट्रोल रूमची मांडणी कशी असावी यावर नव्याने विचार झाला. समोर जास्त माहिती असली म्हणजे जास्त कळतं असं नाही, हे त्यातून शिकायला मिळालं.

गेम कंपन्यांनीही करून पाहिलं

२००४ मध्ये निन्टेन्डोने 'डीएस' नावाचं हातात धरायचं यंत्र आणलं. त्याला दोन पडदे होते, एकावर एक. बऱ्याच खेळांत एकावर खेळ आणि दुसऱ्यावर नकाशा किंवा सामानाची यादी असायची. ही यंत्रं १५ कोटींहून जास्त खपली. मग २०१२ मध्ये त्याच कंपनीने 'वी यू' आणलं: एक पडदा टीव्हीचा, दुसरा हातातल्या कंट्रोलरवर. ते दीड कोटीपर्यंतही पोचलं नाही. अपयशाची कारणं बरीच होती, पण एक तक्रार सारखी यायची की नजर टीव्हीवर ठेवायची की हातात, हेच कळत नाही. डीएसचे दोन्ही पडदे एकाच नजरेच्या टप्प्यात होते, इथे मान वर-खाली करावी लागत होती. २०१७ च्या 'स्विच'मध्ये कंपनी पुन्हा एका पडद्यावर आली.

आजच्या मोबाईल गेममध्ये हीच अक्कल वापरलेली आहे. कोपऱ्यातला छोटा नकाशा हीच खरी दुसरी स्क्रीन. ती खेळाच्या आतच दिलेली असते, म्हणजे नजर बाहेर जायला नको.

फोनवर काय परिणाम होतो?

स्क्रीन वाटली की चित्र अर्धं होतं, बटणं बारीक होतात, बोट भलतीकडे पडतं. बरेच गेम तर असे वाटून चालतच नाहीत. दोन जड अ‍ॅप एकदम चालली की रॅम अपुरी पडते आणि फोन तापतो. फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतो, मग चित्र अडकतं. मूल म्हणतं "फोन खराब आहे, नवा हवा", पण फोन आपलं काम बरोबर करत असतो.

दुसरा फोन घेतला तरी इंटरनेट बहुतेक घरांत एकच असतं, अब्बांच्या हॉटस्पॉटवरचं. शेजारच्या फोनवर व्हिडिओ सुरू झाला की गेमची पिंग वाढते. आपण गोळी झाडली असं इथे दिसतं, सर्व्हरवर ती उशिरा पोचते.

"मोठे प्लेअर तर करतात"

करतात ते स्ट्रीमर. त्यांच्या बाजूच्या स्क्रीनवर प्रेक्षकांचे मेसेज असतात आणि ते वाचणं हा त्यांच्या कमाईचा भाग आहे. त्याने त्यांचा नेम सुधारत नाही.

एका प्रकारात मात्र दुसरी स्क्रीन खरंच जिंकून देते: समोरच्याचं थेट प्रक्षेपण बघून तो कुठे लपलाय ते शोधणं. पण त्याला लबाडी म्हणतात. स्पर्धांचं प्रक्षेपण मुद्दाम उशिराने दाखवतात ते यासाठीच. लबाडी करून मिळालेला रँक सुधारलेला खेळ नव्हे, हे मुलांना सांगायला आपण लाजू नये.

प्रामाणिक फायदाही आहे. बुद्धिबळाचा डाव संपल्यावर आपल्या चाली तपासणं, माइनक्राफ्टमध्ये एखादी वस्तू कशी बनते ते थांबून बघणं, किंवा खेळ संपल्यावर स्वतःच्या सामन्याचं रेकॉर्डिंग पाहून चूक शोधणं. या सगळ्यात एक काम थांबतं, मग दुसरं सुरू होतं.

खेळाबाहेरची गोष्ट

दुसऱ्या फोनचा आणखी एक अर्थ पालकांनी ओळखावा. मे २०२३ मध्ये बीजीएमआय भारतात परत आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली गेली. दुसरा फोन म्हणजे दुसरं खातं, आणि दुसरं खातं म्हणजे ती मर्यादा मोडायची वाट.

आणि लक्ष वाटून घ्यायची सवय खेळापुरती राहत नाही. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत दोन तरुण रेल्वेखाली गेले. रुळाजवळ पबजी खेळण्यात गुंग होते, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. आपल्या भागात डहाणूपर्यंत लोकल धावते, लांबच्या गाड्या भरधाव जातात आणि कानात इअरफोन घालून रूळ ओलांडणारी मुलं पालघर-बोईसरला रोज दिसतात. तिथे नजर एकाच गोष्टीवर हवी.

अभ्यासाचंही तसंच. २०१७ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात फोन टेबलावर नुसता पडलेला असणाऱ्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची कामगिरी चांगली आली. पुढच्या काही प्रयोगांत तेवढा फरक दिसला नाही. तरी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला पैसे लागत नाहीत, करून बघायला काय हरकत आहे?

घरात काय करायचं?

वाद घालण्यापेक्षा मुलालाच तपासू द्या. एक आठवडा एका स्क्रीनवर, नोटिफिकेशन बंद ठेवून खेळायचं. पुढचा आठवडा दोन स्क्रीनवर. वेळ दोन्हीकडे सारखी. प्रत्येक सामन्यात कितवा आला आणि किती जणांना बाद केलं, ते वहीत लिहायचं. आठवड्याअखेर आपा किंवा भाईजानने बेरीज करायची. आकडे त्याने स्वतः लिहिलेले असतील, म्हणजे ते नाकारता येणार नाहीत.

खेळाची वेळ ठरलेली ठेवा आणि त्या वेळात त्याला नीट खेळू द्या. मध्येच "जरा दूध आण" म्हणून हाक मारणं हीसुद्धा दुसरी स्क्रीनच आहे. तसंच मगरिबनंतरचा अभ्यास अभ्यासच असावा. त्या दीड तासात टीव्ही बंद, आणि आपला स्वतःचा फोनही बाजूला. मुलांना एका वेळी एक काम करायला सांगताना आपल्या हातात फोन असेल, तर ती आपलं बोलणं ऐकणार नाहीत, आपला हात बघतील.

जुना फोन? तो विकून टाका, किंवा घरातल्या मोठ्यांना बोलण्यासाठी द्या. मुलाचा गेम सुधारायला त्याची गरज नाही.