घर घेण्यापूर्वी कोणती मोजणी करावी?



या पानावर एरवी आम्ही बेणे, लागण, खोडवा आणि हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेला विषय जरा वेगळा आहे. ऊस नोंदीसाठी येणारे पुष्कळ सभासद हल्ली जाता जाता आणखी एक चौकशी करतात. मुलांच्या शिक्षणासाठी साताऱ्यात, कराडात नाहीतर सांगली-मिरजेकडे घर बघितलंय, घेऊ का? चार-पाच हंगामांच्या बिलांतून सोसायटीचे देणे भागवून उरलेला पैसा आणि बहुधा घरातले थोडे सोनेही त्यात जाणार असते. "मोजणी झाली आहे का?" असे आम्ही विचारले की उत्तर ठरलेले. "झालीय की, मालकाकडं नकाशा हाय."

तो नकाशा कशाचा, कोणी काढलेला आणि कधीचा, हे मात्र कोणी बघत नाही. मोजणी हा शब्द एकच असला तरी तिचे प्रकार निराळे आहेत. एक झाली म्हणजे दुसरी झाली असे होत नाही.

ऊस नोंदीचेच घ्या. सभासद सांगतो एकर, सातबाऱ्यावरही चाळीस गुंठेच असतात, आणि प्रत्यक्ष क्षेत्र मोजले की भरतात छत्तीस. यात कोणी खोटे बोलत नाही. बांध कोरला गेलेला असतो, पाटाची जागा गेलेली असते, वाटणी नजरेने झालेली असते. उसात चार गुंठ्यांचा फरक पडला तर टनेजाचा अंदाज चुकतो, एवढेच. घराच्या जागेत चार फुटांचा फरक पडला तर दोन घरांची बोलाचाल बंद होते आणि कोर्टाच्या तारखा सुरू होतात.

आमच्या माहितीतल्या एका सभासदाने शहराबाहेर तीन गुंठ्यांचा प्लॉट त्यावरच्या दोन खोल्यांसह घेतला. नकाशा होता, त्यावर सही-शिक्काही होता. पण तो खाजगी सर्व्हेअरने मालकाने दाखवलेल्या खुणांवरून काढलेला होता. घराचा प्लॅन तयार करायला असा नकाशा उपयोगी पडतो, त्यात वावगे काही नाही. मात्र हद्दीच्या तंट्यात त्यावर विसंबून चालत नाही. पुढे शेजाऱ्याने सरकारी मोजणी आणली, तेव्हा 66 फूट लांबीची एक बाजू सहा फूट आत निघाली. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. या गड्याची 396 चौरस फूट जागा गेली, म्हणजे गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक.

येथे हवी होती ती हद्द कायम मोजणी. ती तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाकडून होते. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात, भूकरमापक जागेवर येतो, मूळ अभिलेखाशी ताडून हद्दीच्या खुणा दाखवतो आणि नंतर मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते. यातली गोम अशी की अर्ज ज्याचे नाव अभिलेखात आहे त्याला करावा लागतो. तुमचे नाव खरेदीनंतर लागणार. म्हणून मोजणी मालकाकडून खरेदीखताआधीच करून घ्यावी आणि तशी अट साठेखतात घालावी. फी तुम्ही सोसली तरी हरकत नाही. "खरेदी होऊ द्या, मग मोजू" असे मालक म्हणू लागला तर आमच्या मते तेथेच थांबावे. मोजणीच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर रहा आणि शेजाऱ्यांनाही बोलवा. चहा पाजावा लागला तर पाजा. निकाल मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते.

पूर्वी साधी, तातडीची, अतितातडीची असे मोजणीचे प्रकार होते. 2024 च्या अखेरीस नियमित आणि द्रुतगती असे दोनच ठेवण्यात आले. द्रुतगतीला फी जास्त लागते आणि काम लवकर होते, पण म्हणून ती अधिक पक्की ठरत नाही. साठेखताची मुदत थोडी असेल तर द्रुतगती घ्यावी, नाहीतर नियमित पुरते.

मोठ्या गटातला तुकडा घेत असाल तर नुसती हद्द कायम मोजणी उपयोगाची नाही. ती साऱ्या गटाची बाहेरची हद्द दाखवील, पण विकणाऱ्याचा हिस्सा गटात नेमका कोठे पडतो हे सांगणार नाही. तिथे पोटहिस्सा मोजणी लागते आणि तिला बाकीच्या हिस्सेदारांची संमती लागते. ही संमती मिळत नसेल तर उद्या रस्त्याच्या कडेचा भाग सगळेच आपला म्हणतील. सांगली भागात गुंठेवारीचे प्लॉट फार आहेत. त्यांच्यासाठी 2001 चा गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा आहे. प्लॉट नियमित झाल्याचे प्रमाणपत्र डोळ्यांनी बघावे, "फाईल टाकलीय" एवढ्यावर भागवू नये.

सातारच्या पेठांतले जुने घर असेल तर सातबारा मागत बसू नका. तेथे नगर भूमापन झालेले आहे, मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हेचा नकाशा पहावा. जुन्या वाड्यांत दोन घरांची भिंत पुष्कळदा सामाईक असते. ती कोणाची, जिन्याची वाट कोणाची, हे खरेदीआधी लिहून घ्यावे. गावठाणातल्या घरांना पूर्वी बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीचा आठ-अ सोडला तर कागदच नसे. केंद्राची स्वामित्व योजना 2020 मध्ये सुरू झाल्यापासून ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन सनदा मिळू लागल्या आहेत. सनद झाली असेल तर आधी ती मागा. फ्लॅटचे प्रकरण निराळे. तेथे भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि महारेराची नोंद पाहिली की हद्दीचा प्रश्न बराचसा सुटतो.

आता घराची तपासणी. हिला मोजणी कोणी म्हणत नाही, म्हणून ती राहूनच जाते. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला, तेव्हा दगड आणि मातीच्या भिंतींची घरे फार पडली. पाटण-कराड पट्ट्यात तशी जुनी घरे बाहेरून गिलावा मारून आजही विकली जातात. इंजिनिअरला नेऊन गिलाव्याच्या आत दगड-माती आहे की विटा-सिमेंट, वर काँक्रीटचा पट्टा चारही बाजूंनी फिरवला आहे का, हे बघून घ्यावे.

कृष्णाकाठी मात्र खरा प्रश्न जमिनीचा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, हे तुम्हाला आम्ही काय सांगणार! तोच खेळ घराच्या पायाखाली चालतो. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. ज्या भागात पाणी जास्त देऊन जमिनी खारवटल्या, तेथे भिंतींना लोणा लागतो. खाली दोन फूट रंग सुटलेला दिसला तर समजावे. घर मे महिन्यात बघितले असेल तर जुलैत पुन्हा बघा.

आणि पूररेषा. निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. नदी आणि निळी रेषा यांमधला भाग बांधकामाला निषिद्ध, निळी आणि लाल यांमधला नियंत्रित. सांगलीला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते. 2005 आणि 2021 चे पूरही लोक विसरलेले नाहीत. विकणारा भिंतीवरची पाण्याची रेघ रंगवून टाकतो, म्हणून शेजारच्या म्हातारीला विचारावे. 2019 ला पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, ते ती बोटाने दाखवील. मग महापालिकेत जाऊन सर्व्हे नंबर पूररेषेच्या नकाशावर पहावा.

वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा, हे तर सगळे जाणतातच. अर्जाविषयी काही अडले तर नोंदीला याल तेव्हा गट कार्यालयात उतारा आणि मालकाकडचा नकाशा घेऊन या. तो नकाशा कोणत्या मोजणीचा आहे एवढे तरी आम्ही वाचून सांगू.